नवसाआत्याचा खडा

"बस. जीभ कशाला दाखवतो, मी काय डॉक्टर हाय? कुठं दुखतंय ते बोटानं दाखव. पाठीतून पुढं येतंय? जांघेत उतरतंय? कळ आली की लोळतो का? लोळतो ना? मग खडाच हाय. पुढचा या!"

हे नवसाआत्याचं बोलणं. एका दमात, दोन्ही हात कमरेवर, आणि समोरचा माणूस सरपंच असला तरी अरेतुरे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठावन्न. आठवड्याचे सहा दिवस मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती पिकवायची, नाशकात फूलबाजारात नेऊन विकायची, आणि सातव्या दिवशी, रविवारी, शेवग्याखाली खुर्ची टाकून मुतखड्याचं औषध द्यायची. फुकट.

औषध साधं. शेवग्याच्या बुडाशी पानफुटीचं दाट बेट होतं. त्याची तीन पानं, दोन मिरे, तीन दिवस अनशापोटी चावून खायची. वर दिवसाला तीन तांबे पाणी. आणि खडा पडला, की आपल्या खड्याच्या मापाचा एक खडा उचलून त्या पानफुटीच्या बुडाशी आणून टाकायचा. बाकी काही द्यायचं नाही, नारळसुद्धा नाही.

माप म्हणे! तिथं मोहरीएवढा खडा कुणीच टाकला नाही. सगळे आपापल्या दुखण्याच्या मापाचा टाकायचे. आमचे शेजारचे नाथाकाका तर लिंबाएवढा गोटा घेऊन आले होते. "मुळात काय ए ना," नाथाकाका घसा खाकरून म्हणाले, त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघतं, "मुळात काय ए ना, माझा याच्याहून मोठा होता. पण एवढाच सापडला."

आत्या म्हणाली, "नाथा, एवढा पडला असता तर तू उठला नसता. ठेव तिथं."

तर अशी ती रास. आत्याला त्यातला एकेक खडा पाठ होता. हा फूलबाजारातल्या हमालाचा, हा पोस्टातल्या बाईचा, हा अंबडच्या कंपनीतल्या फोरमनचा. आणि खडा खरंच पडला, हे ओळखायचं कसं? लघवीत पडलेला खडा कोण वाकून बघतो? त्यासाठी आत्याकडं एक खूण होती: कळ थांबली म्हणजे खडा पडला. हे वाक्य तिनं इतक्या लोकांना, इतक्या वर्षं, इतक्या खात्रीनं सांगितलं, की ते मी झोपेतसुद्धा तिच्या आवाजात म्हणेन. आज ते वाक्य कुणी उच्चारलं तर मला त्याचा गळा धरावासा वाटतो.

रांग संपली की आत्या मला हाक मारायची. "ये गं, कर आता एकेकाची नक्कल." मग मी लोळणारा फोरमन करायची, मुरडत बसणारी पोस्टबाई करायची, आणि आत्या पदर तोंडात कोंबून हसायची. मे महिन्यात मी तिला सुरगाण्याचा गेणू करून दाखवला होता. गेणू शेजारच्या द्राक्षबागेत खरड छाटणीला आलेला मजूर. औषध नेलं आणि पाचव्या दिवशी एक चपटा पिवळट खडा घेऊन हजर. "बाई, कळ गेली. आता बरा वाटं." एवढंच बोलला, खडा ठेवला आणि जीप पकडायला निघाला. चालताना पाय असे टाकत होता, जसे काही चिखलातून उपसतोय. चपलेचे पट्टे रुतलेले, टाचा बाहेर. मी त्याचं चालणं हुबेहूब उचललं. आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरली. "त्या जीपमधे वीस-वीस जण कोंबतात, पाय सुजणारच," म्हणाली.

हे लक्षात ठेवा. मी विसरले होते.

लोकांना तीन तांबे पाणी प्या म्हणून दम देणारी ही बाई स्वतः सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. पहाटे क्रेट टेम्पोत चढवले की बाजारात पोचायचं आणि अकरापर्यंत गोणपाटावर मांडी घालून बसायचं. बाजारात पुरुष भिंतीकडं तोंड करून मोकळे होतात. बाईनं कुठं तोंड करायचं? म्हणून बाजारातल्या सगळ्या बायका तहान गिळतात. तीस वर्षं आत्यानं गिळली. ऊन असो, ऑक्टोबर असो. याबद्दल तिला विचारलं तर ती म्हणायची, "सवय होती गं. आतडी शिकतात." आतडी शिकतही असतील. मूत्रपिंडं शिकत नाहीत.

यंदा दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. झेंडू असा फुललेला, की सगळा मळा नुसता पिवळा पेटलेला. अशात सोमवारी सकाळी आत्या वाफ्यात वाकली ती वाकलेलीच राहिली. डाव्या कुशीतून कळ. फुलांची पाटी सोडून तिनं सरीतच लोळण घेतली. मुतखड्यावालीलाच मुतखडा! नाथाकाका कुंपणावरून ओरडले, "मुळात काय ए ना नवसे, तुझीच पानं तुला लागू पडतात का बघू आता!"

"तुझं तोंड लागू पडतं का बघ आधी," आत्या मातीत पडल्यापडल्या म्हणाली.

तिचा मुलगा ललितदादा अंबडला कंपनीत आहे. कामावर निघायच्या आधीच त्यानं गाडी काढली. म्हणाला, "आई, चल, सोनोग्राफी करून येऊ. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि कुणी बघितलं मला तिथं? मुतखड्याची बाई मुतखड्याचा फोटो काढायला आली म्हणून? उद्या कोण येईल माझ्या शेवग्याखाली? गप बस. पानं तोडून आण."

तीन पानं, दोन मिरे. सोमवार, मंगळवार, बुधवार. हुलग्याचं पाणी तांब्यानं. बुधवारी दुपारी कळ थांबली.

आत्या उठली, तोंड धुतलं, वाफ्याच्या कडेला जाऊन एक काळा खडा उचलला. हरभऱ्याएवढा. आणि सगळ्यांच्या देखत पानफुटीच्या बुडाशी ठेवला. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. नाथाकाकांनी शहाळ्यांचं पोतं आणून टाकलं: "मुळात काय ए ना, आता नळी धुऊन निघाली पाहिजे." मग काय, आमच्या भावकीत शहाळ्यांची शर्यतच लागली. हा दोन आणतोय, ती चार आणतेय. मोठ्या काकू, मामा, टेम्पोवाला रवी. आत्याला गुरुवारी दिवसभरात सहा शहाळी पाजली. शुक्रवारी पाच. माझ्या हातानंही दोन.

या सगळ्या गर्दीत एकच माणूस शहाण्यासारखं बोलत होतं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती सून होती. सुवर्णावहिनी सटाण्याकडची. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण चिडली की माहेरच्या अहिराणीत शिरते. गुरुवारी ती हळूच म्हणाली, "आईंनी लघवी केलेली नाही कालपासून. मोरी कोरडी आहे." नाथाकाका म्हणाले, "ऊन बघ किती आहे, घामावाटं जातं." शुक्रवारी सकाळी ती जरा मोठ्यानं म्हणाली, "आईंचे पाय सुजलेत." मोठ्या काकू म्हणाल्या, "दसऱ्याची धावपळ गं." दुपारी आत्याला उचकी लागली, थांबेचना. मळमळ, अंगाला खाज. म्हणाली, तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतंय. कुणीतरी म्हणालं, आठवण काढत असेल कुणीतरी. आठवण! मला तर तेव्हाही हसू आलं होतं, कारण आत्याची उचकी अशी ठेक्यात यायची. करून दाखवावीशी वाटणारी उचकी. मला माझाच राग येतो तो इथं.

आणि शनिवारी सकाळी आत्या खाटेवर बसून हवेत क्रेट उचलायला लागली. "ए रवी, टेम्पो मागं घे! शेवंती दबतीये!" टेम्पो नव्हता. रवी नव्हता. चेहरा असा सुजलेला, की डोळे फटीसारखे. श्वास भात्यासारखा. नाथाकाका बाराव्या नाहीतर तेराव्या शहाळ्यावर कोयता घालत होते. वहिनी स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या हातातलं शहाळं घेतलं आणि अंगणात भिरकावलं.

"तीन दिन व्हयनात, आई मोरीमा गयी नही! तुमले दिखस नही का?"

आमच्या घरात सुनेनं थोरल्या माणसावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. तो आवाज मी कधी काढून दाखवणार नाही. तो माझ्याकडून निघायचाही नाही.

ललितदादाची साप्ताहिक सुट्टी होती, अंबडला शनिवारी असते तशी. म्हणून तो घरी होता, म्हणून गाडी होती, म्हणून आम्ही अर्ध्या तासात नाशकात मोठ्या दवाखान्यात होतो. त्या दिवशी मंगळवार असता तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. करते, पण सांगत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. शांत, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बोलणाऱ्या. सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "हे बघा, यांच्या दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे. मूत्रपिंडातून लघवी मूत्राशयात आणणाऱ्या दोन नळ्या असतात. उजव्या नळीत जुना खडा आहे. ती बाजू बहुतेक कित्येक महिन्यांपासून बंद असेल, यांना कळलंही नसेल. आता डावीतही खडा अडकला. म्हणजे बाहेर जायला वाटच नाही. लघवी तयार होऊन मागे तुंबली आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं."

"पण कळ तर थांबली होती," नाथाकाका म्हणाले. यावेळी 'मुळात काय' नव्हतं.

"थांबणारच. मूत्रपिंड लघवी करेनासं झालं, की ताण कमी होतो. दुखणं थांबलं ते खडा पडला म्हणून नाही. आतलं काम बंद पडलं म्हणून." मग त्यांनी रक्ताचा कागद पुढं ओढला. "पोटॅशियम सात पॉइंट एक आहे. या पातळीला हृदय केव्हाही थांबू शकतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. यांना नारळपाणी वगैरे कुणी दिलं का?"

नाथाकाका स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"सगळ्यांनी," वहिनी म्हणाली.

आधी डायलिसिस करावं लागलं, रक्त धुवायला. मग ऑपरेशनच्या खोलीत लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून दोन्ही नळ्यांत, खड्यांच्या शेजारून, एकेक बारीक प्लास्टिकची नळी सरकवली. खडे नंतर काढू म्हणाल्या, आधी वाट मोकळी. आता मूत्रपिंडं उठतात की नाही ते बघायचं. उठली नाहीत तर आयुष्यभर आठवड्यातून तीनदा मशीन. आणि तोपर्यंत आमच्या सगळ्यांचा जीव खाटेला लटकवलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत.

ललितदादा त्या पिशवीपुढं उकिडवा बसला होता. बोअर घेताना शेतकरी बसतात ना खड्ड्याकडं बघत, तसा. पहिल्यांदा लालसर दोन थेंब. मग धार. दुपारपर्यंत मावशी ओरडायला लागल्या. त्या वॉर्डातल्या मावशी म्हणजे भागीबाई, आवाज एसटीच्या भोंग्यासारखा: "सव्वीस नंबर, आठशे! रिकामी केली!" थोड्या वेळानं, "सव्वीस नंबर, परत भरली! अगं बाई, धरण फुटलं का काय?" पहिल्या चोवीस तासांत सहा लिटर. तुंबलेलं सुटलं की असं होतं म्हणे, तेवढंच सलाइन वरून चढवावं लागतं. सगळा वॉर्ड आमची पिशवी मोजत होता. ललितदादा रडत होता आणि शेजारचा पेशंट त्याला विचारत होता, "वाईट बातमी का?" "नाही हो," दादा म्हणाला, "लघवी झाली."

तिसऱ्या दिवशी आत्या शुद्धीवर पूर्ण आली ती भांडतच. झेंडू कुणी तोडला, कमी का तोडला, दसरा गेला का. दादानं तिला सगळं समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मळ्यातलं ठिबकच. दोन्ही नळ्या क्षारानं चोकअप. मोटार चालू. आणि मी काय म्हणते, आवाज बंद झाला, म्हणजे पाणी चालू झालं. मोटार जळाली होती रे. म्हणून आवाज बंद झाला."

मग तिनं पायावरची चादर बाजूला केली. सूज उतरत होती, पण अजून होती. तिनं नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. बोट काढलं, खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडं खूप वेळ बघत बसली.

"ए पोरी," तिनं मला हाक मारली. "तो सुरगाण्याचा कसा चालायचा गं? करून दाखव."

मी म्हटलं, "आत्या, आता कशाला?"

"करून दाखव म्हणते ना."

मी दोन खाटांच्या मधून गेणू चालले. पाय चिखलातून उपसल्यासारखे. टाचा चपलेबाहेर. गुडघे न वाकवता. चार पावलं गेले आणि मला कळलं, मी काय करतेय. मी शुक्रवारची आत्या चालत होते. मोरीकडं गेलेली आणि तशीच परत आलेली आत्या. पाऊल न् पाऊल तेच.

कुणी हसलं नाही. आत्या म्हणाली, "बस."

गेणूचा नंबर द्राक्षबागेच्या मालकाकडं होता. बंद लागला. आत्यानं दादाला दुसऱ्या शनिवारी मोटारसायकलवर सुरगाण्याला पिटाळलं. तोवर ती घरी आली होती, खाटेवर होती, नळ्या आतच होत्या. आणि कुणाशी नीट बोलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डावं मूत्रपिंड छान उठलंय, उजवं निम्मंच. ती म्हणाली होती, "निम्मं माझ्या तोंडानं खाल्लं."

दादा संध्याकाळी परत आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"बोल," आत्या म्हणाली.

"गेला तो, आई. इथून गेल्यावर आठ दिवसांत. अंग सुजलं, उलट्या झाल्या. त्यांना वाटलं कावीळ. भगताकडं नेलं होतं." दादा अडखळला. "त्याची बायको होती, कुसाबाई. मला चहा केला तिनं."

"काय म्हणाली?"

"जाऊ दे ना आई."

"काय म्हणाली?"

दादानं मान खाली घातली आणि जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाली, बाईचा औषध लय चांगला होता. कळ त गेलीच होती."

आत्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी. ती कुसाबाई तिच्या नावानं कडाकडा बोटं मोडत असती, तरी चाललं असतं. पण चहा! औषध चांगलं होतं म्हणून चहा! त्या चहाचा राग कुणावर काढायचा, ते आम्हाला कुणालाच कळेना.

रविवार आला. आत्यानं खुर्ची शेवग्याखाली लावायला सांगितली. वहिनी म्हणाली, "आई, अजून नळ्या आहेत आत."

"नळ्या आत हायत, जीभ बाहेर हाय. लाव खुर्ची."

ती बसली. वाकून राशीतून दोन खडे शोधून काढले. एक स्वतःचा काळा, एक गेणूचा चपटा पिवळट. दोन्ही मुठीत धरले. लोक आले. पुढं आला समाधान, लासलगावच्या कांदा मार्केटातला हमाल, पाठ दारासारखी. दसऱ्याआधी औषध घेऊन गेला होता. खिशातून खडा काढला आणि दात दाखवत म्हणाला, "आत्या, लय भारी! कळ गायब! हा घ्या तुमचा माल."

आत्यानं हात पुढं केला नाही.

"लघवी किती झाली काल?"

"आं?"

"बहिरा हाय का? लघवी. किती झाली? किती वेळा? धार कशी?"

समाधानानं मागच्या बायकांकडं बघितलं. "आत्या, चारचौघांत..."

"माझी लघवी सगळ्या वॉर्डानं मोजली. सव्वीस नंबर म्हणून भोंगा लावून मोजली. तू कोण लागून गेला? पाय दाखव."

"पाय?"

"पाय दाखव म्हणते ना, भाड्या!"

एवढा मोठा माणूस, निमूटपणे त्यानं पँट वर ओढली. आत्यानं वाकून त्याच्या नडगीवर बोट दाबलं. आम्ही सगळे त्या बोटाकडं बघत होतो. तिनं बोट काढलं. कातडी सरळ झाली. आत्यानं श्वास सोडला, पण चेहरा तसाच.

"सोनोग्राफी कर. फोटो घेऊन ये."

"पण कळ थांबलीये ना, आत्या! तुम्हीच तर..."

"मीच म्हटलं होतं!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला. "मीच म्हटलं होतं, आणि झक मारली! ऐका रे सगळे. पानं खायची तर खा, नायतर नका खाऊ, पण फोटो काढल्याशिवाय या बुडाशी एक खडा पडणार नाय. कळ थांबली म्हणून जो कुणी खुशीनं नाचत येईल ना, त्याला मी इथं उभा करून लघवी मोजायला लावीन. लाज गेली तर जाऊ दे. माणूस नाय गेला पाहिजे."

तिनं समाधानाच्या हातातला खडा घेतला, त्याच्याच शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून थापटला.

"तोवर हा इथं. टोचू दे."

समाधान मागं न बघता निघाला. फाटकापर्यंत गेला तेव्हा आत्या खुर्चीतून अर्धी उठली, एक हात कुशीवर दाबून, दुसऱ्या मुठीत ते दोन खडे तसेच.

"आजच जा! घरी जाऊन मग नाय, इथनंच जा नाशकात! आणि वाटंत शहाळं पिशील तर बघ!"